प्रतिपक्षाची बूज राखणारा बचावपटू : यान पोप्लुहार

फुटबॉलच्या इतिहासाची पाने चाळू लागले म्हणजे जी नावे वारंवार भेटतात, ती बहुतेक गोल करणाऱ्यांची असतात. ज्याने गोल केला त्याचे नाव फलकावर जाते, वृत्तपत्राच्या मथळ्यात येते आणि पोरांच्या तोंडी बसते. ज्याने गोल होऊ दिला नाही, त्याचे नाव मात्र सामना संपताच विसरले जाते. पहारेकऱ्याची स्थिती अशीच असते. तो रात्रभर डोळ्यांत तेल घालून जागला, तर सकाळी कोणी त्याची विचारपूस करीत नाही. क्षणभर डोळा लागला आणि चोरी झाली, तर साऱ्या गावात त्याचेच नाव निघते. फुटबॉलमधील बचावपटू हा असा पहारेकरी होय. अशाच एका पहारेकऱ्याची ओळख मी आज आपणांस करून देणार आहे. त्याचे नाव यान पोप्लुहार.

पोप्लुहारचा जन्म १२ सप्टेंबर १९३५ रोजी ब्रातिस्लावा शहरानजीकच्या एका खेड्यात झाला. त्या काळी या खेड्याला चेक्लीस म्हणत. १९४८ नंतर ते बेर्नोलाकोवो या नावाने ओळखले जाऊ लागले. या नव्या नावामागे एक अर्थपूर्ण कथा आहे. आंतोन बेर्नोलाक हा अठराव्या शतकातील एक धर्मोपदेशक. स्लोव्हाक लोकांच्या बोलीला ग्रंथलेखनास योग्य असे नियमबद्ध रूप देण्याचा पहिला प्रयत्न त्याने १७८७ मध्ये केला आणि त्या सुमारास तो याच खेड्यातील चर्चमध्ये सेवेस होता. स्लोव्हाक लोक शतकानुशतके हंगेरीच्या राजसत्तेखाली राहिले. १९१८ मध्ये चेक बांधवांसह त्यांचे एक संयुक्त राष्ट्र झाले, तरी त्या राष्ट्राची राजधानी प्राग आणि त्यातील मोठा भाऊ चेक. शेजारच्या मोठ्या भाषेच्या छायेत आपली भाषा जपणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना सांगावयास नको. ज्या समाजाजवळ मिरवण्याजोगे राज्य नव्हते, त्याने खेळाच्या मैदानावर आपले नाव उंच व्हावे अशी आस धरली, तर त्यात नवल काय?

ब्रातिस्लावा येथील स्लोव्हान हा संघ ही त्या आकांक्षेची जागा होती. त्याच्या क्रीडांगणाचे नाव तेहेल्ने पोले, म्हणजे विटांचे शेत. पूर्वी तेथे वीटभट्ट्या होत्या. पोप्लुहार १९५४ च्या सुमारास या संघात आला. १९५५ मध्ये स्लोव्हानने चेकोस्लोव्हाकियाचे अजिंक्यपद मिळविले. सक्तीच्या लष्करी सेवेच्या काळात तो काही दिवस बर्नोच्या संघाकडून खेळला, पण पुन्हा ब्रातिस्लावाला परतला आणि १९६८ पर्यंत तेथेच राहिला. या काळात स्लोव्हानने १९६२, १९६३ आणि १९६८ असा तीन वेळा राष्ट्रीय चषक जिंकला. चाहत्यांनी त्याला ‘बिंबो’ हे लाडके नाव दिले होते आणि ते त्याला जन्मभर चिकटून राहिले.

तो ज्या जागेवर खेळे, त्या जागेविषयी थोडे सांगितले पाहिजे. कारण तिचे मर्म ध्यानात आल्यावाचून त्याचे मोठेपण कळणार नाही. १९२५ पूर्वी ऑफसाइडचा नियम आघाडीच्या खेळाडूंस फार जाचक होता. पुढे असलेल्या खेळाडूकडे चेंडू देताना त्याच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असावे लागत. १९२५ मध्ये ही संख्या दोनवर आणली गेली आणि गोलांचा जणू पाऊस पडू लागला. तेव्हा मैदानाच्या मध्यभागी मोकळेपणाने वावरणारा मध्यरक्षक मागे ओढला गेला आणि दोन बचावपटूंच्या मध्ये उभा राहिला. प्रतिपक्षाच्या मध्य आघाडीवीराला रोखून धरणे हे त्याचे काम. गोव्यातील जाणते प्रेक्षक ज्याला ‘स्टॉपर’ म्हणतात, तो हाच. पुढे ब्राझीलने चार बचावपटूंची फळी रूढ केली, तेव्हा या स्टॉपरला एक जोडीदार मिळाला. परंतु त्याची जबाबदारी काही हलकी झाली नाही.

या जागेवर सामान्यतः दोन प्रकारचे खेळाडू दिसतात. एक धिप्पाड आणि आडदांड; चेंडू सापडला तर चेंडू, न सापडल्यास माणूस, अशी त्याची रीत. दुसरा, जो पायांपेक्षा डोळ्यांनी अधिक खेळतो. चेंडू कोठे जाणार हे ताडून तो तेथे आधीच जाऊन उभा राहतो. त्यामुळे धावाधाव थोडी करावी लागते आणि धसमुसळेपणा तर करावाच लागत नाही. पोप्लुहार देहाने भक्कम होता, तरी त्याची गणना या दुसऱ्या प्रकारात करावी लागते. चेंडू हिरावून घेतल्यावर तो कोठेतरी भिरकावून न देता आपल्या माणसाच्या पायाशी नीट पोचविणे, ही त्याची खासियत होती. देशासाठी तो ६२ सामने खेळला आणि त्यांत त्याने केवळ एक गोल केला. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे बचावपटूच्या आयुष्याचा हिशेब कसा असतो, हे चटकन ध्यानात येते.

राष्ट्रीय संघात त्याचा प्रवेश झाला तो १९५८ मध्ये. त्याच वर्षी स्वीडनमध्ये विश्वचषक स्पर्धा होती. चेकोस्लोव्हाकियाने अर्जेंटिनाला ६-१ असे धूळ चारली. पण उत्तर आयर्लंडने गटातील सामन्यात आणि नंतरच्या निर्णायक सामन्यातही त्यांना हरविले आणि संघ लवकरच घरी परतला. दोन वर्षांनी, १९६० मध्ये, युरोपीय राष्ट्रांची पहिली स्पर्धा फ्रान्समध्ये झाली. उपांत्य सामन्यात सोव्हिएत संघाकडून ०-३ असा पराभव पदरी आला. परंतु तिसऱ्या स्थानासाठीच्या लढतीत यजमान फ्रान्सला २-० असे नमवून संघाने पदक मिळविले. या दोन स्पर्धांमधून एक संघ हळूहळू मुरत गेला. मध्ये सूत्रधार योसेफ मासोपुस्त, मागे पोप्लुहार आणि स्वातोप्लुक प्लुस्कल, गोलमध्ये विलियम श्रॉइफ, आणि या साऱ्यांना शांतपणे वळण लावणारे प्रशिक्षक रुडॉल्फ व्हिट्लाचिल.

१९६२ ची विश्वचषक स्पर्धा चिली देशात भरली. चेकोस्लोव्हाकियाच्या गटात ब्राझील, स्पेन आणि मेक्सिको असे संघ होते. ब्राझील गतविजेते, आणि स्पेनच्या संघात रेआल माद्रिदचे नामांकित खेळाडू. हा मध्य युरोपीय संघ पहिल्या फेरीतच गारद होणार, असे जाणकारांचे भाकीत होते. ३१ मे रोजी त्यांनी स्पेनला १-० असे हरविले तेव्हा हे भाकीत पहिल्यांदा डळमळले. त्यानंतर आला २ जूनचा दिवस.

श्रोतेहो, हा दिवस नीट स्मरणात ठेवावा. या एकाच दिवशी एकाच देशात फुटबॉलची दोन रूपे जगाने पाहिली. राजधानी सांतियागो येथे चिली आणि इटली यांचा सामना होता. त्यात खेळ थोडा आणि हाणामारीच अधिक झाली. लाथा झाडल्या गेल्या, ठोसे लगावले गेले. इटलीच्या दोन खेळाडूंना मैदानाबाहेर काढण्यात आले आणि व्यवस्था राखण्यासाठी पोलिसांना मैदानात उतरावे लागले. तो सामना पुढे ‘सांतियागोची लढाई’ या नावाने कुप्रसिद्ध झाला. त्याचे इंग्रज पंच केन ॲस्टन यांनीच पुढे पिवळ्या आणि तांबड्या कार्डांची कल्पना मांडली; १९७० च्या विश्वचषकापासून ती अमलात आली.

त्याच दिवशी समुद्रकाठच्या व्हिन्या देल मार या नगरीत ब्राझील आणि चेकोस्लोव्हाकिया समोरासमोर उभे होते. ब्राझीलचा पेले तेव्हा एकवीस वर्षांचा होता. चार वर्षांपूर्वी स्वीडनमध्ये त्याने साऱ्या जगाला वेड लावले होते. सामना रंगात येत असताना, पहिल्या अर्ध्यातच, एक जोरदार फटका मारताना पेलेच्या मांडीचा स्नायू दुखावला. त्याला धडपणे धावता येईना. आजच्यासारखी बदली खेळाडू उतरविण्याची सोय तेव्हा नव्हती. विश्वचषकात ती आली १९७० मध्ये. म्हणून पेलेला बाहेर नेणे म्हणजे ब्राझीलने दहा जणांनिशी खेळणे. तो मैदानाच्या कडेला, लंगडत का होईना, उभा राहिला.

आता बचावपटूच्या जागी उभे राहून क्षणभर विचार करावा. जगातील सर्वांत धोकादायक खेळाडू आपल्या समोर आहे, तो जायबंदी आहे, आणि त्याच्या पायाशी चेंडू आला आहे. नियमाच्या चौकटीत राहूनही त्याला अंगाचा एक धक्का दिला, तर चेंडू आपला होईल आणि कदाचित तो पुन्हा उठणारही नाही. पंच काही म्हणणार नाहीत. उलट मायदेशी शाबासकीच मिळेल. असा मोह समोर असताना मासोपुस्त आणि पोप्लुहार थांबले. पेलेकडे चेंडू आला म्हणजे ते त्याच्यावर चालून न जाता दोन पावले मागे उभे राहत, त्याला तो चेंडू सावकाश सोडून देऊ देत, आणि मगच खेळ पुढे चालू होई. पेलेने पुढे आपल्या आत्मचरित्रात या प्रसंगाचा कृतज्ञतेने उल्लेख केला आहे आणि आपल्या साऱ्या क्रीडाजीवनातील अत्यंत हृद्य आठवणींत त्याला स्थान दिले आहे. सामना ०-० असा बरोबरीत सुटला.

यावर कोणी म्हणेल, लंगडणाऱ्या खेळाडूपासून भय ते कसले? जो गोल करूच शकत नाही, त्याला सोडून देण्यात कसले औदार्य? आक्षेप वरवर रास्त वाटतो, पण तो टिकत नाही. पेले स्पर्धेत पुन्हा खेळू शकणार नाही, हे त्या घटकेला कोणासही ठाऊक नव्हते. आठ-पंधरा दिवसांनी त्याच ब्राझीलशी पुन्हा गाठ पडू शकते, हे मात्र प्रत्येकास ठाऊक होते. शिवाय तो सामना काही हलका नव्हता. बरोबरीतून मिळणारा एक गुण चेकोस्लोव्हाकियाला किती मोलाचा ठरला, ते लगेच दिसून आले. ६ जून रोजी ब्राझीलने स्पेनला हरविले आणि चेकोस्लोव्हाकियाचा पुढील फेरीतील प्रवेश निश्चित झाला. म्हणून दुसऱ्या दिवशी मेक्सिकोकडून १-३ असा पराभव होऊनही त्यांचे काही बिघडले नाही. ज्या सामन्यात एकेका गुणाला असे मोल होते, त्या सामन्यात त्यांनी हे संयमाचे वर्तन केले. सोय पाहून दाखविलेली ती दया नव्हती. चेंडू घ्यावयाचा तो चेंडूसाठी, समोरच्या माणसाला मोडण्यासाठी नव्हे, ही त्यांची धारणा होती आणि कसोटीच्या वेळी ती ढळली नाही. चारच वर्षांनी, १९६६ साली इंग्लंडमध्ये, बल्गेरिया आणि पोर्तुगाल यांच्या बचावपटूंनी याच पेलेला लाथांनी जेरीस आणले, ते आठवले म्हणजे या संयमाची किंमत अधिक कळते.

पुढील प्रवास थोडक्यात सांगतो. उपांत्यपूर्व सामन्यात हंगेरीने बराच वेळ हल्ल्यांमागून हल्ले चढविले. पण अडोल्फ शेररचा एक गोल, श्रॉइफची अचाट गोलराखण आणि त्याच्या पुढची अभेद्य फळी यांच्या बळावर चेकोस्लोव्हाकियाने १-० असा विजय मिळविला. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाला ३-१ असे हरवून संघ अंतिम फेरीत पोचला. १७ जून १९६२ रोजी सांतियागोच्या राष्ट्रीय क्रीडांगणावर पुन्हा ब्राझील समोर उभा होता. या वेळी पेलेवाचून.

पंधराव्या मिनिटास मासोपुस्तने गोल केला आणि सारे क्रीडांगण स्तब्ध झाले. परंतु हा आनंद दोनच मिनिटे टिकला. पेलेच्या जागी आलेल्या आमारिल्दोने गोलरेषेजवळून, जेथून कोणी गोलाचा विचारही करणार नाही अशा कोनातून, चेंडू आत धाडला. उत्तरार्धात झितोने डोक्याने दुसरा गोल केला. तिसऱ्या वेळी उंच आलेला चेंडू झेलताना सूर्य श्रॉइफच्या डोळ्यांवर आला असे सांगतात. चेंडू हातातून निसटला आणि व्हाव्हाने तो जाळ्यात ढकलला. सामना ३-१ असा ब्राझीलने जिंकला. ज्या श्रॉइफमुळे संघ येथवर पोचला होता, त्याच्या साऱ्या पराक्रमावर एका निसटत्या झेलाने सावली धरली. पहारेकऱ्याचे नशीब ते हेच. तरीही जगातील दुसऱ्या क्रमांकाचा संघ हा मान काही थोडा नव्हता, आणि त्या वर्षीचा युरोपातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून मासोपुस्तचा गौरव झाला.

पोप्लुहारची योग्यता जगाने ओळखली होती, याचा पुरावा पुढच्याच वर्षी मिळाला. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनला शंभर वर्षे पूर्ण झाली, त्यानिमित्त २३ ऑक्टोबर १९६३ रोजी लंडनच्या वेंब्ली क्रीडांगणावर इंग्लंड आणि शेष विश्व यांच्यात सामना झाला. शेष विश्वाच्या संघात गोलरक्षक याशिन, ब्राझीलचा जाल्मा सांतोस, तसेच दि स्तेफानो, युझेबियो, कोपा, खेंतो अशी एकाहून एक सरस नावे होती. या मांदियाळीत प्लुस्कल, पोप्लुहार आणि मासोपुस्त हे तिघे एकाच देशाचे खेळाडू शेजारी शेजारी उभे होते. सामना इंग्लंडने २-१ असा जिंकला. पण साऱ्या जगातून संघ निवडताना मधला कणा मात्र प्राग आणि ब्रातिस्लावा येथून आणावासा वाटला, यातच सारे काही आले. १९६५ पासून चेकोस्लोव्हाकियात वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटू निवडण्याची प्रथा सुरू झाली. त्या पहिल्याच वर्षी निवड झाली ती गोल करणाऱ्या कोणाची नव्हे, तर या स्लोव्हाक बचावपटूची.

पोप्लुहारच्या कारकिर्दीत एक चुटपूट लावणारी गोष्ट आहे. त्या काळच्या चेकोस्लोव्हाकियात खेळाडूला आपल्या मर्जीने परदेशी जाता येत नसे; उमेदीची वर्षे देशाला दिल्यानंतर, तिशी उलटून गेल्यावरच ज्येष्ठांना ती मुभा मिळे. पोप्लुहार १९६८ मध्ये फ्रान्समधील लियों नगरीच्या संघात गेला. मासोपुस्तही त्याच वर्षी बेल्जियमला गेला. त्याच ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले. आणि त्यानंतर नऊ महिन्यांनी, २१ मे १९६९ रोजी, बाझेल येथे स्लोव्हानने बार्सिलोनासारख्या बलाढ्य संघाला ३-२ असे हरवून युरोपीय चषकविजेत्यांचा चषक पटकावला. घायाळ झालेल्या एका राष्ट्राला त्या विजयाने किती धीर दिला असेल, याची कल्पना करावी. ज्या संघासाठी पोप्लुहारने चौदा वर्षे घाम गाळला, त्याच्या सर्वांत मोठ्या विजयाच्या वेळी तो त्या मैदानावर नव्हता. पेरणी एकाने करावी आणि सुगीच्या दिवशी तो परगावी असावा, तसे हे झाले.

फ्रान्समधून परतल्यावर १९७० पासून दोन वर्षे तो बर्नोच्या झ्ब्रोयोव्हका संघात खेळला आणि मग व्हिएन्नातील स्लोव्हान या संघाचा खेळाडू आणि प्रशिक्षक झाला. हा संघ व्हिएन्नात पिढ्यानपिढ्या स्थायिक झालेल्या चेक लोकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी काढलेला. परमुलखात राहूनही आपली भाषा, आपली मंडळे आणि आपला आखाडा जपणारी माणसे केवळ इंदूर-बडोद्यातच असतात असे नाही! ब्रातिस्लावा आणि व्हिएन्ना यांच्यात अंतर फार थोडे. परंतु मध्ये काटेरी तारांची सीमा होती. तेथे मोठे चषक नव्हते की मोठी गर्दी नव्हती. तरी विश्वचषकाचा अंतिम सामना खेळलेला हा माणूस चाळिशी ओलांडल्यावरही त्या लहान संघाबरोबर मैदानात उतरत राहिला. खेळावरील प्रेम कीर्तीवर अवलंबून नसते, ते असे.

१ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाची दोन राष्ट्रे झाली. पोप्लुहार ज्या देशाच्या झेंड्याखाली ६२ सामने खेळला, तो देश नकाशावरून नाहीसा झाला. परंतु नव्या स्लोव्हाकियाने या खेळाडूला परके मानले नाही. विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ स्लोव्हाक फुटबॉलपटू म्हणून त्याचीच निवड झाली. खिलाडूवृत्तीसाठी पियेर द कुबेर्तँ यांच्या नावाने दिला जाणारा आंतरराष्ट्रीय सन्मानही त्याला लाभला. पुढे युरोपीय फुटबॉल संघटनेने आपल्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रत्येक सभासद राष्ट्रास गेल्या पन्नास वर्षांतील आपला एक सर्वोत्तम खेळाडू निवडावयास सांगितले. चेक लोकांनी मासोपुस्तला निवडले, स्लोव्हाकांनी पोप्लुहारला. व्हिन्या देल मारच्या मैदानावर लंगडणाऱ्या पेलेसमोर थांबलेले हे दोघे. राष्ट्र दुभंगले, पण दोन्ही वाट्यांना आपल्या अभिमानासाठी त्याच संघातील एकेक माणूस पुरला.

६ मार्च २०११ रोजी ब्रातिस्लावा येथे पोप्लुहारचे निधन झाले. मासोपुस्त २०१५ मध्ये गेला, आणि पेलेही २०२२ च्या डिसेंबरात काळाच्या पडद्याआड गेला. त्या दुपारचे ते तिघेही आज नाहीत.

श्रोतेहो, मैदानावरील मोठेपणा आपण सहसा जे केले त्यावरून मोजतो. किती गोल केले, किती चषक जिंकले, किती वेळा नाव छापून आले, हे सारे मोजता येते. न मारलेली लाथ मात्र कोणत्याही तक्त्यात नोंदली जात नाही. ती नोंदली जाते प्रतिपक्षाच्या मनात. मासोपुस्त आणि पोप्लुहार यांनी त्या दिवशी काय केले नाही, हे जगाला कळले ते पेलेच्या तोंडून. ज्याच्या विरुद्ध आपण उभे राहिलो, त्यानेच आपल्याविषयी आयुष्यभर कृतज्ञतेने बोलावे, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते? आपल्या गावच्या मैदानावर उद्या एखादे पोर बचावाला उभे राहील, त्याला चेंडू कसा अडवावा हे आपण अवश्य शिकवू. त्याबरोबर कोठे थांबावे हेही शिकविले, तर यान पोप्लुहारचे स्मरण केल्यासारखे होईल.